चारुशीलाताईंचं कलम अकरा

चारुशीला लिमये यांना राग येतो असं सांगणं म्हणजे कृष्णेला पाणी असतं असं सांगण्यासारखं आहे. ते असतंच. कधी तळाशी असतं, कधी घाटाच्या पायऱ्या चढतं आणि एखाद्या वर्षी थेट मारुती चौकात येऊन उभं राहतं. आम्ही सांगलीकर पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. आमच्या वाचनालयाचे सभासद बाराही महिने जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबून विचारतात, "ताई आज किती फुटांवर?" वरून उतरणारा माणूस आकडा तोंडाने सांगत नाही. त्याचा चेहरा पुरतो.

ताई गावभागातल्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. वय अठ्ठावन्न, नोकरी एकतीस वर्षं, पगार विचारू नये इतका. मी कार्यकारिणीवर आहे, म्हणजे सभेला चहा असला की असतो, त्यामुळे त्या पगाराचं पाप थोडं माझ्याही अंगावर आहे. पण पगारावरून ताई चिडलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. स्वतःसाठी रागवायची त्यांना सवयच नाही. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की मात्र त्या सभासदाच्या घरी फोन लावतात आणि जो कोणी उचलेल त्याला विचारतात, तुमच्या घरात खुणेला घालायला कागदाचा एक कपटा मिळत नाही का? एका निवृत्त बँक मॅनेजरांनी त्या फोननंतर कपट्यांचा गठ्ठाच कापून आणून दिला. तो अजून काउंटरवर आहे.

ज्या रागाची ही गोष्ट आहे तो एकोणीस सालच्या पुरात सुरू झाला.

त्या पुरात तळमजल्यावरची आमची निम्मी पुस्तकं भिजली. पाणी ओसरल्यावर पुण्याच्या एका संस्थेने मदत म्हणून पाच कॉम्प्युटर पाठवले. पुस्तकं भिजली तर कॉम्प्युटर कशाला, हे आम्ही विचारलं नाही. मदत करणाऱ्याला प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. नारळ फुटला, फोटो निघाला, आणि आमचे अध्यक्ष चिंतामणराव यांनी जुन्या पडद्यांच्या कापडाच्या पाच खोळी शिवून घेऊन ते पाचही कॉम्प्युटर झाकून टाकले. खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. वस्तू वापरली की झिजते, असं त्यांचं म्हणणं.

इकडे ताई ओली पुस्तकं घेऊन दारोदार फिरत होत्या. ही वाचवायची कशी, असं त्यांनी तीन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी रद्दीवाल्याचा नंबर मिळाला. आम्ही कार्यकारिणीने दोन दिवस पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरली, पापडांसारखी, आणि ती पापडांसारखीच झाली. शेवटी भाच्याने दिलेल्या मोबाईलवर शोधता शोधता ताईंना परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाचा अभ्यासक्रम सापडला. विषय, भिजलेला कागद कसा वाचवावा. सहा आठवडे, घरबसल्या, फुकट. मांडीवर डिक्शनरी ठेवून, दर वाक्याला व्हिडिओ थांबवत, ताईंनी तो पुरा केला. उन्हात घालायचं नाही, पानांत टीपकागद घालायचा, पंख्याचा वारा लांबून द्यायचा. एकेक धडा झाला की उरलेल्या ओल्या पुस्तकांवर करून पाहत त्यांनी चारशे बारा पुस्तकं तशी जगवली. त्यांतलं एखादं उघडलंत तर पानं थोडी लाटांसारखी दिसतील, पण वाचता येतात.

अभ्यासक्रम संपला की माणूस खूश होतो. ताई चिडल्या. मी पेढे मागायला गेलो तर म्हणाल्या, म्हणजे हे सगळं असं उघड्यावर पडलंय? आणि मला कुणी सांगितलं नाही? मी ग्रंथपाल आहे. कुठे काय वाचायला मिळतं ते लोकांना सांगायचा मला पगार मिळतो, आणि मलाच माहीत नाही?

त्या दिवशी ताई चाळीस फुटांवर होत्या. चाळिसाला सांगलीत माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात.

मग त्यांनी काय केलं, तर दाखल नोंदवही काढली. वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याला नंबर देऊन एका जाड वहीत नोंदतात, तीच. त्या वहीत ताई मोफत अभ्यासक्रम दाखल करायला लागल्या. विषय, शिकवणार कोण, भाषा कोणती, किती आठवडे. त्यापुढे त्यांनी आपल्या हाताने दोन रकाने वाढवले: 'कार्ड मागतात का' आणि 'अर्ध्यावर आणून पैसे मागतात का'. आणि शेवटी शेरा. एकही अभ्यासक्रम त्यांनी स्वतः उघडून, दोन-तीन धडे ऐकून पाहिल्याशिवाय दाखल केला नाही. बीजगणित, मधमाश्या, शिवणकाम, हृदयाचे ठोके, संस्कृत. मधमाश्यांच्या तर त्या प्रेमातच पडल्या होत्या.

शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा आहे. 'मोफत म्हणतात, सात दिवसच. आठव्या दिवशी कार्डातून कापतात. पाकीटमार.' 'शिकवणारे गृहस्थ उत्तम, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या.' एका ठिकाणी मोठ्या लाल अक्षरांत आकडे उलटे पळत होते: ही सवलत संपायला फक्त दोन तास चौदा मिनिटं उरली आहेत. आपण असे आकडे पाहून घाबरतो किंवा खिडकी बंद करतो. ताई मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून बसल्या. दोन तास चौदा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांना मला साक्षीदार म्हणून बोलावलं. शून्य झालं, पडदा एकदा लुकलुकला आणि पुन्हा दोन तास चौदा मिनिटं. शेरा: 'खोटं बोलतात. बसून पाहिलं.' त्या कंपनीला त्यांनी मराठीत एक पत्रही पाठवलं, रजिस्टर पोस्टाने.

अशा ठिकाणी नंबर दिला की फोन येतात. एक मुलगा रोज फोन करून हिंदीत विचारायचा, मॅम, आपका ड्रीम क्या है? चौथ्या दिवशी ताईंनी त्यालाच विचारलं, तुझं गाव कुठलं? तो फलटणचा विश्वजीत निघाला. कॉमर्सचं दुसरं वर्ष सोडून पुण्यात फोनवर स्वप्नं विकत होता. ताईंनी आधी त्याची चाळीस मिनिटं हजेरी घेतली आणि मग वहीतले तीन दाखल क्रमांक उतरवून घ्यायला लावले. पुढे त्याचे फोन आले ते अभ्यासातल्या शंकांचे.

वही भरत आली तशी ताईंनी चिंतामणरावांकडून किल्ली मिळवली. कशी मिळवली ते चिंतामणराव सांगत नाहीत. खोळी निघाल्या, त्यांची फडकी झाली, आणि जिन्याशी फलक लागला: 'शिका. मोफत. कोणीही या. कधीही या.' वर बाण.

चार महिन्यांत तिघं आले. एकाला मोबाईल चार्ज करायचा होता. दुसऱ्याने एसी आहे का विचारलं. तिसरी रेश्मा.

रेश्मा शिराळ्याकडची. बी.एस्सी. झालेली, खणभागात आत्याकडे राहायची. वडील लालासाहेब, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त, घरचा ऊस. मिरजेच्या दवाखान्यांत डॉक्टरांना अभ्यासासाठी रोग्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर मांडून, त्यांतून अर्थ काढून देणारी माणसं लागतात, असं तिला मैत्रिणीकडून कळलेलं. ताईंच्या वहीत त्याचा अभ्यासक्रम होता. सरकारच्या पोर्टलवरचा, मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांचा. आधी पायाचा आठ आठवड्यांचा, मग पुढचा बारा आठवड्यांचा, आणि शेवटी हवी तर केंद्रावर जाऊन परीक्षा. रेश्मा सकाळी दहाला यायची, कानाला हेडफोन लावायची आणि पाचला उठायची. अशा सभासदाकडे पाहून ताईंचं पाणी रोज फूटभर उतरायचं.

रेश्माचा पायाचा अभ्यासक्रम झाला, पुढच्याचे दोन आठवडे झाले, आणि आत्याने शिराळ्याला फोन केला, की पोरगी वाचनालयात दिवसभर पडद्याकडं बघत बसती.

लालासाहेबांनी मुलीला फोन करून एकच प्रश्न विचारला. ॲडमिशन कुठं हाय? तिने सांगितलं, ॲडमिशन नाही, मी शिकते आहे. त्यांना ते वाक्यच कळेना. सैन्यात भरती न होता कोणी परेड करतं का? गावात चार माणसं विचारत होती, लेक काय करते, आणि 'शिकती' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कुठं? तिथे त्यांची पंचाईत व्हायची. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मुलीपुढे सरळ दोन वाटा ठेवल्या. दसऱ्याच्या आत कुठेतरी रीतसर प्रवेश दाखव, फी लागली तर मी भरतो. नाहीतर घरी ये, स्थळं बघायला घेऊ. शहरातला एक क्लासही त्यांनी कुणाकडून तरी शोधून काढला होता. काचेचा दरवाजा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, फी वाचून माणूस खुर्ची मागेल इतकी.

रेश्मा तो क्लास बघून आली आणि ताईंच्या काउंटरपाशी उभी राहिली. दोनदा विचारल्यावर म्हणाली, तिथे मोठ्या पडद्यावर हेच लेक्चर लावतात. आपलंच. आपण तिसऱ्या आठवड्यात बघतोय तेच. सर शेजारी उभे असतात आणि मध्येमध्ये थांबवतात.

ताई उठल्या, स्कूटर काढली आणि रेश्माला मागे बसवून त्या क्लासवर गेल्या. मी त्या वेळी तिथे नव्हतो याचं मला वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं. रेश्माने सांगितलं ते असं, की काउंटरवरच्या टाय लावलेल्या तरुणाला ताईंनी शांतपणे विचारलं, जे फुकट आहे ते तुम्ही विकता कसं? तो अजिबात चिडला नाही. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, कंटेंट फ्रीच आहे. आम्ही ॲटमॉस्फिअरचे पैसे घेतो."

ताई परत आल्या त्या संध्याकाळपर्यंत पुस्तकांची दुमडलेली पानं सरळ करत बसल्या. चोर निर्लज्ज असला तर राग काढता येतो. याने निम्मं खरं सांगितलं होतं आणि ते त्यांना सोसेना. जाताना मला म्हणाल्या, आपल्या लोकांना विद्या नको आहे, दरवाजा हवा आहे. आत काय आहे ते नंतर बघतील. आधी बाहेर ताटकळत उभं राहायला मिळालं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जिन्याशी नवा फलक लागला. 'स्वयंअध्ययन वर्ग. प्रवेश मर्यादित. जागा वीस. अर्ज काउंटरवर मिळतील. अपूर्ण अर्ज नाकारले जातील. कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ नाही.'

अर्ज चार पानांचा. पासपोर्ट फोटो दोन, आधारची झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, पालकांची सही, पालकांची मुलाखत. खाली नियमांची तेरा कलमं. अकरावं कलम असं: 'सदर शिक्षण पूर्णपणे मोफत असून ते कोणालाही, कोठेही, प्रवेशाशिवाय उपलब्ध आहे. वाचनालयात शिकवणारे कोणी नाही. विद्यार्थ्याने स्वतः शिकावयाचे आहे.' सगळं खरं लिहिलेलं, छापलेलं, सही करायच्या जागेच्या बोटभर वर. मी विचारलं, ताई, हे वाचल्यावर कोण येईल? त्या म्हणाल्या, वाचेल कोण?

आठ दिवसांत एकशे सहा अर्ज आले.

ज्या जिन्यावर चार महिन्यांत तीन माणसं चढली त्या जिन्यावर रांग लागली. नगरसेवकांची शिफारसपत्रं आली. एक गृहस्थ म्हणाले, जागा संपल्या असतील तर मॅनेजमेंट कोट्यातून बघा. चिंतामणराव हरखून गेले आणि म्हणाले, फी लावू या. त्यानंतर चिंतामणराव पंधरा दिवस वाचनालयाकडे फिरकले नाहीत. ताई मात्र रोज सकाळी त्या रांगेकडे पाहायच्या आणि संतापाने लाल व्हायच्या. आपली युक्ती लागू पडली म्हणून इतका राग आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या रांगेत एके दिवशी लालासाहेब उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशीला पीळ, हातात फाइल, बगलेत गुळाची ढेप. फाइलमध्ये साखर कारखान्याच्या एका संचालकाचं पत्र. मुलाखतीला ते ताठ उभे राहिले, बसा म्हटल्यावरच बसले. ताईंनी संचालकाचं पत्र न उघडता परत केलं. वाचनालयात खाण्याचे पदार्थ आणायला मनाई आहे म्हणून ढेपही परत केली. इथे वशिला चालत नाही, असं स्वच्छ सांगितलं. तिथेच लालासाहेब जिंकले गेले. जिथे वशिला चालत नाही ती जागा मोठी, हा हिशेब त्यांना लष्करातून ठाऊक होता. मुलीला सात नंबरचं कार्ड मिळालं, गळ्यात घालायच्या पट्ट्यासकट. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. दसरा आला आणि गेला. रेश्मा सांगलीत राहिली, आणि गावात लालासाहेब 'कुठं' या प्रश्नाची वाट बघत हिंडायला लागले.

ताईंनी हिशेबात एकच गोष्ट धरली नव्हती. बाकीच्या एकशे पाच पालकांनी अर्जावर सही केली. सुभेदारांनी अर्जाची झेरॉक्स काढून फाइलला लावली होती. सैन्यातला माणूस कागद टाकत नाही. परीक्षेला बारा दिवस उरले असताना, दिवाळीच्या सुट्टीचा नियम बघायला म्हणून त्यांनी फाइल काढली, आणि एकेका ओळीखाली बोट धरत ते अकराव्या कलमापाशी आले.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एस.टी.ने सांगलीला आले. हातात एक मोठी रिकामी पिशवी होती. वाचनालय उघडून रेश्मा आत जाऊन बसली, तोवर ते जिना चढून आलेच. मी तेव्हा वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो आणि पुढचा अर्धा तास एकच पान वाचत होतो.

त्यांनी झेरॉक्स काउंटरवर ठेवली आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्ये खरं हाय?"

"खरं आहे."

"शिकवणारं कुणीच न्हाई?"

"इथे नाही. पडद्यावर आहे."

"आन् त्ये कुणालाबी मिळतंय? फॉर्म न भरता? माझ्या घरात, शिराळ्याला बसून?"

"रेंज असली तर."

लालासाहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मग दोन फोटू, दाखला, माझी मुलाखत. गावात मी सांगत सुटलो, की लेक निवडून आलीया. फुकटच्या दाराला कुलूप घालून तुमी मला किल्ली दिली व्हय? मला पोरीला न्यायचंय. सामान बांधायला सांगा तिला."

ताई उठून उभ्या राहिल्या. मी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

"घातलं कुलूप," त्या म्हणाल्या. "चार महिने ते दार सताड उघडं होतं, सुभेदार. तुमची मुलगी रोज त्यातून आत येत होती. तेव्हा तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, आज काय शिकलीस म्हणून? तुम्ही विचारलंत, ॲडमिशन कुठं आहे. ते कुलूप मी तुमच्यासाठी घातलं. तुमच्यासारख्या एकशे सहा लोकांसाठी. मला त्याची लाज वाटते. एकतीस वर्षं मी इथे सकाळी येऊन कुलूप काढत आले आहे, लावायची वेळ पहिल्यांदा आली."

संध्याकाळी कुलूप ताईच लावतात, पण हे सुचवायची ती वेळ नव्हती.

मग लालासाहेबांनी पिशवीची घडी घातली आणि विचारलं, "कुठं बसती ती?"

ताईंनी बोट दाखवलं. ते आत गेले आणि भिंतीलगतच्या बाकावर, मुलीच्या पाठीमागे बसले. तिने हेडफोन घातलेले, तिला पत्ता नाही. हे साडेदहाला. एकच्या सुमाराला तिने भडंगाचा पुडा काढायला मान वळवली, वडील दिसले, आणि ती हेडफोन काढायला लागली. त्यांनी नुसता हात वर केला. चालू दे. ती पुन्हा वळली. मी तीनदा काही ना काही निमित्ताने आत डोकावून आलो. ती गणित सोडवायची, उत्तर भरायची, पडद्यावर लाल फुली यायची. मग ती व्हिडिओ मागे नेऊन तोच भाग पुन्हा ऐकायची, वहीत खोडायची, पुन्हा मांडायची. पुन्हा लाल फुली. सुभेदार गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. मागच्या खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं. चार वाजता हिरवी खूण आली. मुलीने टाळी वाजवली नाही की काही नाही. पुढचं गणित घेतलं.

पाच वाजता ते काउंटरपाशी आले.

"मास्तर न्हाई, घंटा न्हाई," ते म्हणाले. "हजेरी घ्यायला कुणी न्हाई. चुकली तर वरडायला कुणी न्हाई. मी मोजलं. सात डाव चुकली, सात डाव परत बसली. अठ्ठावीस वर्सं नोकरी केली, मॅडम, असली माणसं लय थोडी बघितली. आमालाबी मागं हवालदार उभा लागायचा."

ताईंनी चष्मा काढून पुसला. मग, कुलूप आता निघालंच आहे तर पुरतं निघू दे, अशा विचाराने म्हणाल्या, मग ते कार्ड परत करायला हरकत नाही. त्याचा काही उपयोग नाही, हे तुम्हाला कळलं आहे.

लालासाहेब घुटमळले. "त्ये ऱ्हाऊ दे. उलट म्हणत हुतो, एक डुप्लिकेट मिळंल का?"

"कशाला?"

"गावात दावायला. हिच्या आईला सारखं इचारत्यात. मी आज बघितलं, मला कळलं. समद्या गावाला हितं आणून दिवसभर बाकावर बशिवता येत न्हाई."

ताई किती फुटांवर गेल्या ते मी सांगत नाही. पण ड्रॉवर जोरात उघडला, सात नंबरचं दुसरं कार्ड लिहिलं, शिक्का असा मारला की दौत हलली, आणि ते सुभेदारांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि रिकाम्या पिशवीत घातलं. पिशवी तेवढी एकच वस्तू घेऊन शिराळ्याला परत गेली.

रेश्माने परीक्षा दिली. एकोणसत्तर टक्के मिळाले. पहिला नंबर वगैरे काही नाही. पण आता मिरजेच्या एका डॉक्टरीणबाई तिला आठवड्यातले तीन दिवस नोंदी मांडायला बोलावतात. उरलेल्या दिवशी ती वाचनालयात पुढचा अभ्यासक्रम करते. दिवसातून एकदा तिला फोन येतो तेव्हा ती आवाज हळू करून जिन्यात जाते. ताईंनी एकदा विचारलं, कुणाचा गं? म्हणाली, वडिलांचा. रोज विचारतात, आज काय शिकलीस. सांगितलं तर कळत नाही, नाही सांगितलं तर चिडतात.

या जूनमध्ये नव्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा ताईंनी कार्यकारिणीला निक्षून सांगितलं, की आता हे सोंग बस. अर्ज बंद, कार्ड बंद, पुन्हा जुना फलक. तो लावला. तीन आठवड्यांत एक माणूस आला. त्याने विचारलं, यंदा वर्ग बंद झाला का हो? चांगला होता. ताईंनी दात-ओठ खात अर्ज पुन्हा छापायला दिला. फक्त अकरावं कलम उचलून पहिल्या नंबरवर आणलं, दुप्पट मोठ्या, ठळक अक्षरांत, भोवती चौकट घालून: हे सगळं मोफत आहे, कोणालाही आहे, प्रवेशाची गरज नाही.

लोक दुसऱ्या कलमापासून वाचतात.

सध्या ताई रोज दुपारी अर्ज समोर घेऊन बसतात आणि एकेका पालकाला फोन लावून पहिलं कलम मोठ्याने वाचून दाखवतात. सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं, शेवटच्या शब्दापर्यंत. पलीकडचा माणूस मध्ये बोलत नाही, नीट ऐकून घेतो. वाचून झालं की म्हणतो, "ते कळलं, मॅडम. पण यादीत नाव लागलं का?"

ताई फोन ठेवतात आणि पुढचा नंबर लावतात.